जंतू आढळले नाहीत

त्वचेच्या क्षयाचा संशय घेऊन चट्ट्याचा तुकडा तपासणीला पाठवला की आठ-दहा दिवसांनी कागद हातात येतो, आणि त्यावर बहुतेक वेळा एक ओळ ठरलेली असते: जंतू आढळले नाहीत. पेशंट ती वाचतो, किंवा सोबत आलेला शिकलेला मुलगा वाचून दाखवतो, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. टीबी नाही म्हणजे सुटलो. पुष्कळदा डॉक्टरही तेवढ्यावर समाधान मानतो, एखादे मलम लिहून देतो आणि पुढचा नंबर पुकारतो. त्वचारोगाच्या ओपीडीत इतकी वर्षे काम केल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की या आजारात या एका ओळीच्या चुकीच्या वाचनाने जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच होत असेल. जंतू आढळले नाहीत आणि जंतू नाहीत ही दोन वेगळी वाक्ये आहेत. फुफ्फुसाच्या क्षयात त्यांच्यातले अंतर कमी असेल. त्वचेच्या क्षयात ते फार आहे. इथे जंतू न सापडणे ही बहुतेक प्रकारांत आजाराची प्रकृतीच असते. म्हणून निदान करायचे ते चार-पाच अपुऱ्या पुराव्यांची सांगड घालून, आणि ती सांगड डॉक्टरलाच घालावी लागते. यंत्र ते काम करू शकत नाही.

जंतू कमी का असतात, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि तेव्हापासून क्षयाचे निदान म्हणजे जंतू दाखवणे अशी समजूत घट्ट होत गेली. फुफ्फुसात पोकळी पडली की जंतूंना हवाही मिळते आणि जागाही. बेडक्यातून ते प्रचंड संख्येने बाहेर पडतात. त्वचेत तसे होत नाही. ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्याच्या त्वचेत जंतू पोचले, की शरीराच्या पेशी त्यांना घेरतात, बहुतेकांना मारतात आणि उरलेल्या मूठभरांभोवती गाठोडे बांधून बसतात. हे गाठोडे म्हणजे ग्रॅन्युलोमा. चट्टा दिसतो तो मुख्यतः या बंदोबस्तामुळे. आता आकडे पाहा. काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. सीबीनॅट यंत्राला सुमारे १३० पुरतात, त्याच्या नव्या अल्ट्रा प्रकाराला सोळाच्या आसपास. हे झाले बेडक्यासारख्या पातळ नमुन्याचे. त्वचेचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, आणि ज्या कोपऱ्यात दोन-चार जंतू दडलेले होते तो कोपरा कापाच्या बाहेर राहिला तर कुठल्याही यंत्राला दोष देता येणार नाही. उलट ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळली आहे, अंगभर क्षय पसरला आहे, किंवा तोंडाच्या नाहीतर गुदद्वाराच्या कडेला जखमा झाल्या आहेत, त्यांच्या नमुन्यात जंतू सहज दिसतात. म्हणजे जंतू दिसल्याशिवाय औषध नाही, असा नियम केला तर तो सगळ्यात खंगलेल्या माणसाला बरोबर पकडतो आणि जो लवकर आणि पूर्ण बरा झाला असता त्याला दारातून परत पाठवतो.

मग हाती काय उरते? सगळ्यात आधी डोळा आणि बोट. गंडमाळ फुटून झालेला त्वचेचा क्षय ओळखायला खरे तर यंत्र लागू नये. मानेच्या बाजूला, काखेत, कधी जांघेत गाठ येते. दुखत नाही, तापत नाही, म्हणून घरचे थांबतात. महिन्या-दोन महिन्यांत ती वरच्या कातडीला चिकटते, कातडी निळसर-जांभळी होते, बोटाखाली काहीतरी मऊ लागते आणि एके दिवशी ती फुटते. साध्या गळवातून दाट पिवळा पू येतो, ठणका थांबतो आणि आठ-दहा दिवसांत जखम भरते. इथे ताकाच्या निवळीसारखा पातळ स्राव येतो, त्यात पांढरट कण असतात, आणि भोक काही बुजत नाही. जखमेची कड आतून पोकळ असते. सळई तिच्याखाली सहज सरकते. जुन्या भोकांच्या जागी कातडीचे पूल आणि ओढले गेलेले वण राहतात. आपल्याकडच्या वैद्यांनी हे फार पूर्वी टिपून ठेवले आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुदाच्या सोबतीने अपची येते, काही गाठी विरतात तोवर दुसऱ्या उठतात आणि हे वर्षानुवर्षे चालते अशी. गंडमाळ हा शब्द तर खेडोपाडी आजही चालतो, आणि त्यावर डाग देणारे, पाला बांधणारेही चालतात. पण दवाखान्यात आल्यावरही या पेशंटचे महिने वाया जातात, ते वेगळ्या कारणाने. वाहणाऱ्या जखमेतला पू कापसाच्या बोळ्यावर घेऊन तपासला, की त्यात जखमेवर वस्तीला आलेले साधे जंतू वाढतात. रिपोर्टात त्यांचे नाव येते, त्यांच्यावर कोणते अँटिबायोटिक चालेल त्याची यादी येते, आणि यादीप्रमाणे गोळ्या बदलत राहतात. रिपोर्ट खोटा नसतो. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

ल्युपस व्हल्गॅरिस हा दुसरा मोठा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त निसटणारा. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहरा कुरतडत जाणारा रोग म्हणून हे नाव. युरोपात तो नाकावर, गालांवर येई, आणि त्यावर प्रकाशाचा उपचार काढणाऱ्या नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आमची पाठ्यपुस्तके त्या गोऱ्या कातडीवर घडली. चट्ट्यावर काचेची पट्टी दाबली की रक्त बाजूला सरते आणि सफरचंदाच्या जेलीच्या रंगाचे ठिपके उमटतात, ही खूण प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, तोंडी परीक्षेत सांगतो, आणि मग ओपीडीत गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर काच दाबून शोधत बसतो. ती सहसा दिसत नाही, कारण आपल्या कातडीतले रंगद्रव्य तो तांबूस-पिवळा रंग झाकून टाकते. ती दिसली नाही म्हणून संशय सोडून देणे म्हणजे परक्या कातडीची परीक्षा आपल्या पेशंटला लावणे. जागाही वेगळी असते. आपल्याकडे हा चट्टा पुष्कळदा ढुंगणावर, मांडीवर किंवा पायावर असतो. उघड्या अंगाने जमिनीवर बसणारी, घसरणारी, खरचटणारी मुले आणि धुळीत पडलेली थुंकी यांचा त्याच्याशी संबंध असावा, असा तर्क केला जातो. ढुंगणावरचा चट्टा बायका दहा-दहा वर्षे कुणाला दाखवत नाहीत, आणि घाईच्या ओपीडीत आपणही कपडे बाजूला करून बघायला सांगत नाही.

असा चट्टा दिवसाच्या उजेडात, हाताच्या अंतरावरून नीट पाहावा. बहुधा तो एकच असतो, शरीराच्या एकाच बाजूला. त्याची एक कड पुढे चरत चाललेली असते, थोडी उंच, लालसर-तपकिरी, बोटाला कातडीपेक्षा मऊ लागणारी. त्याच चट्ट्याच्या दुसऱ्या भागात कातडी पातळ आणि पांढुरकी झालेली असते, ओला कागद वाळल्यावर चुरगळतो तशी. आणि त्या वणाच्या मधोमध पुन्हा बारीक गाठी उठलेल्या दिसतात. बरे होणे आणि वाढणे एकाच चट्ट्यात शेजारी-शेजारी चालू असते. हे दृश्य मला कुठल्याही एका प्रयोगशाळेच्या रिपोर्टपेक्षा जास्त वजनाचे वाटते. गजकर्णही कडेने वाढते आणि मध्ये निवळते, पण मागे वण ठेवत नाही. सोरायसिसही ठेवत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा असेल तर कापसाच्या टोकाचा स्पर्श त्यावर कळत नाही किंवा कमी कळतो, जवळची नस जाड लागते. ल्युपसच्या चट्ट्यावर स्पर्श शाबूत असतो. या तपासणीला कापसाचे बोंड आणि दोन मिनिटे लागतात. आणि पेशंटला विचारावे, हे कधीपासून? उत्तर आठवड्यांत आले तर दुसरे काही शोधावे. वर्षांत आले तर खुर्ची पुढे ओढून बसावे.

बाकीच्या प्रकारांपैकी दोनच सांगतो. एक चामखिळीसारखा. तो पायावर, हातावर, गुडघ्यावर येतो, खरखरीत आणि भेगाळलेला. रेने लेनेक या स्टेथोस्कोप शोधणाऱ्या फ्रेंच डॉक्टरने शवविच्छेदन करताना स्वतःच्याच बोटावर आलेल्या अशा गाठीचे वर्णन १८२६ मध्ये केले. म्हणजे या रोगाच्या आधुनिक इतिहासाची सुरुवातच कामाच्या जखमेतून झाली. आपल्याकडे या गाठीला आधी चामखीळ समजून ॲसिड लावले जाते, मग जाळले जाते, आणि ती पुन्हा येते. दुसरा प्रकार लहान मुलांचा. पोटावर-पाठीवर कातडीच्याच रंगाचे, टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पुरळ, केसांच्या मुळाशी, झुपक्याझुपक्यांनी. खाजत नाही. आई म्हणते घामोळे आहे, डॉक्टर म्हणतो कातडी कोरडी आहे. याचे नाव लायकेन स्क्रॉफ्युलोसोरम. यात त्वचेत जंतू सापडण्याची आशाच धरू नये, कारण ही दुसरीकडे दडलेल्या क्षयाला शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे. पण हे पुरळ ओळखता आले तर मानेतली, छातीतली किंवा पोटातली गाठ शोधायला कारण मिळते, आणि मूल अजून हिंडत-फिरत, शाळेत जात असतानाच त्याचा क्षय सापडतो. या पुरळावर तेल चोळायला सांगून मुलाला परत पाठवणे ही माझ्या लेखी या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे.

आता तुकड्याकडे येतो, कारण पुराव्याची नासाडी होते ती इथे. बायोप्सीच्या टेबलावर एक छोटी बाटली तयार ठेवलेली असते, तिच्यात फॉर्मलिन. काढलेला तुकडा चिमट्याने उचलून सरळ त्या बाटलीत टाकायचा, झाकण लावायचे, नाव लिहायचे, ही सवय हाताला इतकी लागलेली असते की विचार होतच नाही. फॉर्मलिनमध्ये पेशींची रचना टिकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला तो तुकडा उत्तम. पण जंतू त्यात मरतात, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. क्षयाचे कल्चर घन माध्यमावर आठ आठवडे, द्रव माध्यमात सहा आठवड्यांपर्यंत थांबून पाहायचे असते. फॉर्मलिनचा तुकडा आठ वर्षे ठेवला तरी काही उगवणार नाही. सीबीनॅटसाठीही ताजा तुकडाच हवा. म्हणून तुकडे दोन घ्यायचे, किंवा एकाचे दोन करायचे. एक फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाईनमध्ये, निर्जंतुक बाटलीत. खर्च काही रुपयांचा. सलाईनची बाटली टेबलावर नसल्यामुळे किती निदाने कायमची अर्धवट राहिली असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते. तुकडा कुठून घेतला हेही तितकेच महत्त्वाचे. वणातून घेतला तर रिपोर्टात वणच येणार. चरत चाललेल्या कडेतून घ्यावा, आणि पिंढरीवरच्या खोल गाठींचा संशय असेल तर चरबीपर्यंत जाईल इतका खोल. शिवाय सोबतच्या फॉर्मवर केवळ त्वचेचा चट्टा एवढे लिहून पाठवू नये. जागा, मुदत, वण आहे का, स्पर्श आहे का, कोणता आजार मनात आहे, हे लिहिलेले असले की पॅथॉलॉजिस्ट जास्त काप घेतो, जास्त वेळ पाहतो आणि कधी फोनही करतो. तो फोन मला रिपोर्टइतकाच मोलाचा वाटतो.

इथे विरुद्ध दिशेची चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे एकतर्फी होईल. रिपोर्टात ग्रॅन्युलोमा हा शब्द आला की तो क्षयच, असे समजून सहा महिन्यांचा कोर्स लिहिणारेही कमी नाहीत. ग्रॅन्युलोमा ही शरीराची एक पद्धत आहे. ज्याला संपवता येत नाही त्याला कोंडून ठेवायची. क्षयरोगात ती दिसते, तशी कुष्ठरोगात, सार्कॉइडोसिसमध्ये, काही बुरशींच्या आजारांत, लीशमॅनियाच्या जखमेत, कातडीत रुतलेल्या काट्याभोवतीही दिसते. पनीर चुरल्यासारखा मृत भाग मध्ये दिसला तर क्षयाकडे कल झुकतो. गंडमाळेत तो भरपूर असतो, पण ल्युपसमध्ये थोडाच असतो किंवा नसतोच. अनवाणी शेतात काम करणाऱ्याच्या पायावरचा खरखरीत चट्टा क्रोमोब्लास्टोमायकोसिस या बुरशीचा असू शकतो. कापात तांब्याच्या नाण्यांसारख्या तपकिरी गोल पेशी शोधल्या तर सापडतात, न शोधल्या तर ग्रॅन्युलोमा एवढेच लिहून येते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर किंवा इंजेक्शनच्या जागी आठवड्यांनी उठणाऱ्या, वाहत राहणाऱ्या गाठी क्षयाच्या चुलत घराण्यातल्या जंतूंमुळे होतात. त्यांना नेहमीची क्षयाची औषधे पुरत नाहीत, आणि कल्चर न करता सुरू केलेला कोर्स महिनोन्‌महिने नुसता चालू राहतो. तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टावर थांबू नये हे जितके खरे, तितकेच ग्रॅन्युलोमा या शब्दावर धावू नये हेही खरे. दोन्ही चुकांचे मूळ एकच: एका कागदाने निकाल द्यावा ही अपेक्षा.

यात भर पडते ती मेडिकल दुकानातून मिळणाऱ्या मलमाच्या ट्यूबची. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ही मलमे चट्टा दिसताच लावली जातात. लाली कमी होते, कड बसते, पेशंटला बरे वाटते, आणि डॉक्टरसमोर येईपर्यंत ओळखीच्या खुणा पुसट झालेल्या असतात. स्टेरॉइड जंतूंभोवतीच्या बंदोबस्तावरचे पहारेकरीच झोपवते. चट्टा पाहण्याआधी कोणकोणती मलमे लावली हे विचारणे आणि ट्यूब घरी असेल तर घेऊन या असे सांगणे म्हणूनच निदानाचा भाग आहे.

मँटू चाचणीबद्दल थोडक्यात. आपल्या देशात जन्मतःच बीसीजी टोचली जाते आणि प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू झोपलेला असतो. हातावर दहा मिलिमीटरची गाठ उठली, तर माणसाची त्या जंतूशी किंवा लसीशी गाठ पडली होती एवढे कळते; समोरचा चट्टा त्या जंतूचाच आहे, हे कळत नाही. रक्तातली इग्रा तपासणी बीसीजीमुळे फसत नाही, पण झोपलेला जंतू आणि जागा जंतू यांतला फरक तिलाही कळत नाही. लहान मुलात मँटू ठळक आली तर तिला वजन जास्त, प्रौढात कमी. रक्तातल्या अँटिबॉडी मोजून क्षय सांगणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली, कारण त्या दोन्ही बाजूंनी चुकत होत्या. तरी कुणाच्या फायलीत तसला जुना कागद निघालाच तर त्याच्याकडे पाहूही नये.

एवढे सगळे करून कधी असे होते की गोष्ट जुळते, चट्टा जुळतो, कापात जुळणारा ग्रॅन्युलोमा आहे, बुरशीसाठी केलेली तपासणी आणि कल्चर निगेटिव्ह आहे, कुष्ठरोगाची खूण नाही, आणि तरी जंतू नाही. इथे औषध देऊन पाहणे हा शेवटचा पुरावा. त्यावर खूप टीका होते आणि काही टीका योग्यही आहे, म्हणून तो कसा घ्यावा हे जपून सांगतो. क्षयाची चार औषधे वजनाप्रमाणे, रोज, पूर्ण मात्रेत. सुरुवातीला चट्ट्याचा फोटो काढायचा, कडेच्या लांबी-रुंदीचे माप वहीत लिहायचे, आणि तपासण्याची तारीखही आधीच लिहून ठेवायची: सहा आठवडे. खरा त्वचेचा क्षय असेल तर तेवढ्या मुदतीत कड सपाट होऊ लागते, लाली उतरते, स्राव थांबतो. सहा आठवड्यांत काहीच हलले नाही तर निदान मोडीत काढायचे, नवा तुकडा घ्यायचा, औषध पुढे रेटायचे नाही. गंडमाळेत मात्र एक सावधगिरी हवी. औषध लागू पडत असतानाही एखादी गाठ फुगते किंवा नवी उठते. ती प्रतिकारशक्ती जागी होण्याची खूण असू शकते, तेव्हा त्या प्रकारात निकाल थोडा धीराने द्यावा. माप आणि तारीख लिहिलेली नसेल तर ही चाचणीच नव्हे, नुसता अंदाज आहे. आणि अंदाज बहुधा डॉक्टरच्या मनाच्या बाजूने झुकतो.

यावर एक आक्षेप असा, की या चार औषधांतले रिफॅम्पिसिन काही फक्त क्षयाचे औषध नाही. कुष्ठरोगाच्या जंतूवर ते चालते, कातडीतल्या इतर कित्येक जंतूंवर चालते. मग चट्टा सुधारला म्हणजे क्षय सिद्ध झाला कसा? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ही चाचणी सुरुवातीला घ्यायची नसते. कुष्ठरोग, बुरशी, चुलत घराण्यातले जंतू हे सगळे आपापल्या तपासणीने बाजूला काढल्यावर तिची पाळी येते. तेव्हा मिळालेली सुधारणा क्षयाच्या बाजूने बोलते; त्याआधीची काहीच बोलत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जंतूशिवाय औषध दिले तर उठसूट क्षयाचा शिक्का बसेल, यकृतावर ताण येईल, इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांना धोका होईल, शिवाय जंतू औषधाला दाद देतो की नाही हेही कळणार नाही. यातला प्रत्येक धोका खरा आहे. पण त्याचे उत्तर पुरावा अधिक काटेकोर गोळा करणे हे आहे, पुरावाच नको म्हणणे हे नव्हे. सलाईनमधला दुसरा तुकडा मी धरून बसतो तो याचसाठी. त्यातून शंभरात थोड्यांचेच जंतू मिळाले तरी त्या थोड्यांना कोणते औषध लागू पडेल ते कळते. आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमालाही जंतू न सापडता डॉक्टरच्या निर्णयाने केलेले निदान मान्य आहे. अशा पेशंटची नोंद होते, औषध मिळते. नियम आड येत नाही. आड येते ते निर्णयाची जबाबदारी घेण्याचे भय.

तिसरा आक्षेप गर्दीचा. फुफ्फुसाबाहेरच्या क्षयात त्वचेचा वाटा शंभरात एक-दोन. सकाळी दोनशे पेशंट असतील तर एवढा वेळ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. पण हा वेळ सगळ्यांना द्यायचा नाही. जो चट्टा महिनोन्‌महिने एकाच जागी आहे, वण ठेवत सरकतो आहे, दोन-तीन मलमांना पुरून उरला आहे, त्यालाच द्यायचा आहे. आणि वेळ न दिल्याची किंमत कोण मोजतो तेही पाहायला हवे. अनेक वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या ल्युपसच्या वणात कर्करोग होऊ शकतो. चेहऱ्यावर असेल तर नाकाची पाळी, कानाची पाळी झडते. चौथा आक्षेप पेशंटच्या घरातून येतो, आणि त्याला मी सगळ्यात जास्त मान देतो: मुलीचे लग्न जमायचे आहे, कागदावर टीबी लिहू नका. त्यांना सांगावे लागते की फुफ्फुसात क्षय नसेल तर अशा चट्ट्यापासून घरच्यांना सहसा लागण होत नाही, स्वयंपाक वेगळा करायला नको, भांडी वेगळी नकोत. हे समजावून सांगायला पंधरा मिनिटे लागतात, आणि ती दिली नाहीत तर दुसऱ्या महिन्यातच औषध थांबते.

निदान झाल्यावरही काम संपत नाही. छातीचा एक्स-रे, खोकला असेल तर बेडका, मानेच्या-काखेच्या गाठी, हाडांचे दुखणे, एचआयव्हीची तपासणी, घरातल्या मुलांची आणि खोकणाऱ्या आजोबांची चौकशी. त्वचेवर दिसला तो क्षय एकटा आला आहे असे गृहीत धरू नये, विशेषतः मुलांत. क्षयाची नोंद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात, बहुधा सहा महिन्यांची, आणि आहारासाठी पेशंटच्या खात्यात दरमहा मिळणारे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की उद्या सकाळी बायोप्सीच्या टेबलावर फॉर्मलिनच्या शेजारी सलाईनची बाटली ठेवा. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी वण ठेवत सरकणारा, तीन महिन्यांत मलमाने न गेलेला चट्टा असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन तो दाखवा. ट्यूब सोबत न्या, चट्टा किती वर्षांचा आहे ते सांगा, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुढची तारीख घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.